एकाच आकड्याची भावंडं

वॉर्नमबूल,
रविवार

प्रिय डीन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर कुरकुरू नकोस. तूही डावखुराच आहेस.

बॅलरॅटच्या कॅफेबाहेर आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा उन्हात येताच दोघंही एकदम शिंकलो होतो. तू म्हणालास, "चला, बापाचा नाही तर निदान त्याच्या नाकाचा तरी पत्ता लागला!" आपल्या आया एकाच क्लिनिकमध्ये गेलेल्या, आणि बीज देणाऱ्याचं नाव तेव्हा कुणाला सांगत नसत. आपल्याकडे होता फक्त त्याचा आकडा, के-सात. तुझाही तोच, माझाही तोच. तेवढ्यावर आपण अख्खा बाप उभा केला. तो डावखुरा असणार, त्याला शिट्टी वाजवता येत नसणार, उन्हात शिंकत असणार. मी एकुलती एक वाढलेली. तिशीत भाऊ मिळाला आणि मी हुरळून गेले. तुझी आई तर पहिल्याच भेटीत म्हणाली, "या पोराला रागवायला कुणीतरी हवंच होतं गं. बिनधास्त रागव."

मग कायदा बदलला आणि आपल्यासारख्यांना जन्मदात्याचं नाव विचारायचा हक्क मिळाला. अर्ज आपण बरोबरच केले. मला नाव आलं. तुला कळवलं की तुझी नोंदच सापडत नाही. मी म्हटलं, अरे वेड्या, माझा तो तुझाच ना! पण तुला ते सरकारकडून हवं होतं, हक्काने, आणि सरकारला पुरावा हवा होता. आपल्या दोघांची डीएनए तपासणी तू हट्टाने करायला लावलीस. त्यात निघालं काय, तर तुझं-माझं रक्ताचं काहीच नातं नाही. क्लिनिकने एकच आकडा बीज देणाऱ्या दोन वेगळ्या माणसांना दिला होता. जाब विचारावा, तर ते क्लिनिकही आता उरलेलं नाही.

तुला सांगितलं नाही, पण मी त्याला भेटून आले. मिल्ड्युराला त्याची द्राक्षं आहेत. भला माणूस आहे, स्वतः चहा केला. उजव्या हाताने लिहितो. कुत्र्याला बोलवायला त्याने अशी खणखणीत शिट्टी वाजवली की मी दचकले. भर उन्हात मळा दाखवत हिंडला, एकदाही शिंकला नाही. माझं जे जे तुझ्यासारखं आहे, त्यातलं काहीच त्याच्यात नाही. परतताना गाडी कडेला लावून खूप रडले. मला बाप मिळाला, डीन, आणि मला तो नकोच होता. मला तू हवा होतास.

तुझा रागही कळतो मला. नोंदच हरवलेल्या माणसाला कसला हक्क आणि कसलं काय! माझं नाव नुसतं ऐकलं तरी तुला ते आठवत असेल.

लिहायचं कारण गुरुवारचं. तुझ्या आईच्या अंत्यविधीला मी आले होते. ती गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. चर्चच्या दारातल्या बाईने विचारलं, "घरच्या की ओळखीच्या?" घरच्यांसाठी पुढचे बाक राखले होते. तू हातभर अंतरावर उभा होतास. मी तुझ्याकडे पाहिलं; तू बुटांकडे पाहत राहिलास. तेव्हा मीच म्हटलं, "ओळखीची," आणि मागे जाऊन बसले. ते मी म्हटलं, तू नाहीस. तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. आता फोन करून त्रास देणार नाही. एरवी शेवटी 'तुझीच बहीण' लिहायचे, आज हात धजावत नाही.

तुझीच,
केरिन