बसलेल्या बुजगावण्यांची व्यवस्था

दिनांक १७ नोव्हेंबर १९९६, रविवार. सकाळी थंडी होती. आंघोळ करून बुद्धवंदना घेतली, शेतात एक फेरी मारली आणि परत येऊन लिहायला बसलो. उत्तमराव आणि भिवाजी दुपारी साक्षीला येणार आहेत.

मी, नागनाथ डोमाजी पाझारे, वय ६७, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त शिक्षक, राहणार बेला, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहा म्हणून मला कोणी सांगितले नाही, लिहू नका म्हणूनही कोणी अडवले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. पत्नी चंपाबाई आणि एकुलती मुलगी मनकर्णा माझ्या आधी गेल्या, म्हणून मागे राहील त्याची सोय मीच लावून ठेवतो.

१. राहते घर पुतण्या चंपत याला द्यावे. आतल्या खोलीत भिंतीवर मनकर्णाने कोळशाने हातापायांची चित्रे काढली आहेत. त्याला चुना मारायचा असेल तर मारावा. माझ्याने ते झाले नाही.

२. पोस्टातल्या शिल्लकेतून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल ते मराठी शाळेला. मनकर्णाच्या छिन्न्या आणि हातोड्याही शाळेलाच द्याव्यात. त्या मुलांनी वापराव्यात, कपाटात ठेवू नयेत.

३. चार एकर शेतापैकी नाल्याकडचे साडेतीन एकर चंपतला द्यावेत. ते तोच करतो. औषधाच्या फवाऱ्यावरून आमचे बोलणे बंद झाले होते, हे गावाला माहीत आहे. तो म्हणाला होता, "काका, तुमी मास्तर होते, पगार खाल्ला. मले फवारल्याबिगर कापूस होत नाही. तुमचं बसलेलं लष्कर मी पोसू काय?" त्याचे घर कापसावर चालते, म्हणून मी अट घालत नाही. फक्त वारा बांधाकडे वाहत असेल त्या दिवशी फवारू नये, एवढी विनंती आहे.

४. राहिला बांधालगतचा अर्धा एकर. त्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

मनकर्णा हैदराबादला शिल्पकला शिकली आणि तिकडेच काम करत होती. १९८९ साली ती घरी आली तेव्हा ज्वारी भरली होती आणि शेतातल्या माळ्यावर राखणीला कोणी नव्हते. लहानपणी ती त्याच माळ्यावरून गोफणीने पाखरे हाकलायची. तिने विचारले, "बाबा, राखण कोन करते आता?" मी सांगितले, "कोनी नाही. पाखरंच येत नाहीत." चारी बाजूंनी कपाशी झाली होती आणि कपाशीवर औषध. दुसऱ्या दिवसापासून ती बाभळीच्या काठ्या, कडबा आणि जुनी मडकी जमवू लागली.

तिने सात बुजगावणी केली. बुजगावणे हात पसरून उभे असते. तिची बसलेली आहेत. एक गुडघे पोटाशी घेऊन, एक बांधाला टेकून, एक पाय लांब करून. हाकलायला कोणी उरले नाही, म्हणून त्यांचे काम गेले, असे तिचे म्हणणे होते. एकाच्या अंगात माझा शाळेचा कोट आहे, एकाला चंपाबाईचे लुगडे आहे.

तिसऱ्या दिवशी पाहतो तर सातही उभी. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना वाटले, वाऱ्याने पडली असतील. म्हणून त्यांनी जाता जाता उपकार केला होता. शेजारच्या देवकाबाई त्यांत पुढे होत्या. मनकर्णा पुन्हा बसवू लागली तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काऊन वं पोरी, बुजगावणं कुठी बसते काय? पाखरं हासतीन त्याले."

मनकर्णा म्हणाली, "हासू दे न माय. हासायला तरी येऊ दे त्याइले."

मग पदर खोचून देवकाबाईंनी स्वतःच एकेकाला खाली बसवले. तेव्हापासून गुडघ्याची तार सुटली की त्याच आवळतात.

मनकर्णा १९९४ च्या मार्चमध्ये काविळीने गेली. दवाखान्यात तिने मला एकच काम सांगितले. "बाबा, पाखरं आले की त्याइले उभं करजा." पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंपत म्हणाला, "काका, आता तरी उभे करा न. ते बसलेले पाहून कोनी मेल्यावानी वाटते." मी म्हणालो, तसेच आहे.

म्हणून हा अर्धा एकर मी देवकाबाईंना देतो. त्यांनी दरवर्षी तिथे ज्वारी पेरावी. औषध मारू नये. सातही जणांना बसलेलेच ठेवावे. कपडे फाटले तर ठिगळ लावावे, मडके फुटले तर दुसरे आणावे. माझ्या मागे माझे कपडे घालून आठवे करू नये, तिने सातच केली होती. शहरातून एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते, ही प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ठेवू म्हणत होते. मी त्यांना चहा दिला, बुजगावणी दिली नाहीत. पुन्हा आले तर चहा द्यावा.

ज्या वर्षी कणसांवर पाखरे उतरतील, त्या वर्षी सातही उभी करावीत. मनकर्णाचे काम तिथे पुरे होईल. त्यानंतर त्या जमिनीवर माझी कोणतीही अट राहणार नाही. काठ्या चुलीत घातल्या तरी चालेल.

हे मी देवकाबाईंना काल समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "अन् मास्तर, पाखरं कदी आलेच नाही त मंग?" लगेच त्याच पुढे म्हणाल्या, "मंग बसू द्या त्याइले. मी बी बसीन."

ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्यांची सही येथे नाही. याची अंमलबजावणी उत्तमरावांनी करावी.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

सही: नागनाथ डोमाजी पाझारे
साक्षीदार: १. उत्तमराव गणपतराव ठाकरे, बेला. २. भिवाजी सीताराम कांबळे, बेला.
ठिकाण: बेला. दिनांक: १७ नोव्हेंबर १९९६.

सहीखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे उत्तमराव सांगून गेले. तरी लिहितो. सकाळच्या फेरीत मी अर्ध्या एकरातली एकूण एक ओळ पाहिली होती. कणसे टपोरी भरली आहेत. एकावरही चोच लागलेली नाही. दाणा वाळला आहे, आता थांबून उपयोग नव्हता. ते दोघे गेल्यावर विळा घेऊन सोंगणीला लागलो. दिवस मावळेपर्यंत बांधाकडची बाजू झाली. बसलेल्यांच्या आजूबाजूची ज्वारी, विळा लागू नये म्हणून, हाताने उपटून काढली.