भुंग्याची परतीची वाट

अहो,

भुंग्या परत आला. तुम्ही अंबरनाथला कामावर गेलात आणि हा मागच्या दारी उभा, गळ्यात आपल्याच तांदळाच्या पोत्याची चिंधी अडकलेली. म्हणजे तो पळाला नव्हता. पोत्यात घालून तुम्हीच त्याला नदीपलीकडे सोडून आलात. घरी आलेल्या तुमच्या साहेबांवर गुरगुरला म्हणून कुत्रा नकोसा झाला, हे एक वेळ समजेन. पण काल संध्याकाळी माझ्याबरोबर शिरगावभर त्याला हाका मारत फिरलात, ते कशाला?

त्याला माथेरानला आमच्या बाळदादाकडे ठेवायला नेते आहे. नेरळपर्यंत धर्मराजची बैलगाडी आहे, पुढे पायवाट. भाजीवाली रखमाबाई म्हणते, त्या वाटेला सावली आहे, झऱ्याला पाणी आहे, कुत्र्याला काही त्रास नाही. फक्त माकडं दिसली की दोरी घट्ट धरायची.

आमटी झाकून ठेवली आहे, भात तेवढा लावून घ्या. शेजारी विचारतील, तर मीही पळून गेले म्हणू नका.

वाट दिसू नये म्हणून जनावराला पोत्यातून नेतात. मी भुंग्याला चालवत नेणार आहे, त्याला परतीची वाट कळावी म्हणून. माझं मात्र वर गेल्यावर ठरवीन.

कुंदा