पुतळ्याचा सदरा

९ फेब्रुवारी
पुण्याहून येऊन निपाणीत उतरलो आणि पहिल्याच श्वासाला सणसणीत शिंक आली. तंबाखूच्या वखारींनी ओळख ठेवली आहे म्हणायची. आयुष्यभर वर्तमानपत्राला परक्या गावांचे वृत्तांत पाठवले. आपल्या गावाचा आज पहिल्यांदा लिहितो आहे, तोही या वहीत.

आमचं हरळगट्टी आता माळावर आहे. २०१९च्या पुरानंतर गाव वर आलं आणि सगळ्यांना एकसारखी घरं मिळाली. इतकी एकसारखी, की मी शेजाऱ्यांच्या घरात शिरून पाय धुवायला पाणी मागितलं. त्यांनी दिलं, वर कन्नडमधून चहाचंही विचारलं. पलीकडच्या दारातून मनुवहिनी हसत होती. म्हणाली, जोतिबाभावजी, एवढं शिकलासा, पन सोताचं घर गावंना व्हय!

भावकूअण्णा, तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, त्या पुरात म्हशी सोडायला गोठ्याकडे परत गेला. म्हशी पोहत आल्या. तो आला नाही, देहही सापडला नाही. वहिनी अजून मंगळसूत्र घालते. आता त्यांच्या पूर्णिमाचं लग्न ठरलंय आणि व्याही म्हणतात, आधी बापाचं कार्य उरका. शास्त्रात सोय आहे: पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं, अंगावर त्या माणसाचं वापरातलं वस्त्र, आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणून मला बोलावलं: मी धाकटा, त्यात कॉलेजात संस्कृत शिकलेला. संस्कृताचा आमच्या घराला झालेला हा पहिलाच उपयोग.

११ फेब्रुवारी
जुन्या गावात जाऊन आलो. भिंती उभ्या आहेत, आत बाभळी. प्रत्येक भिंतीवर पुराची रेषा: खाली गाळाचा रंग, वर चुना. आमच्या माजघरात ती माझ्या डोक्याच्याही वर. वेदगंगा मात्र घोट्याभर पाण्यात गरिबासारखी वाहत होती. हिच्या तोंडाकडे पाहून कोण म्हणेल!

परतलो तर वहिनी निवडणं करत बसली होती. कार्याचं सामान आणलं का विचारलं, तर म्हणाली, तुमी आलायसा न्हवं, मग झालं.

१२ फेब्रुवारी
सकाळी नदीकाठी कार्य झालं. भटजींचा एक उच्चार मी सुधारला. ते हसले आणि त्यांनी वेग दुप्पट केला. पुतळ्याला घालायला वहिनीने सदरा दिला होता. पुरातून तेवढाच वाचला म्हणाली.

जाळ वर चढला तेव्हा खिशाखालचा शाईचा डाग दिसला. तो माझ्या पेनाचा. पुराच्या आदल्या दिवाळीत हा सदरा मीच इथे विसरलो होतो.

जेवताना विचारलं. आमटी वाढता वाढता वहिनी शांतपणे म्हणाली, तुमचाच त्यो. त्यांचा कशाला जाळू? त्ये येनार हाईत. पोरीचं लगीनबी हुईल आन त्यास्नीबी काय हुयाचं न्हाय.

मी म्हटलं, वहिनी, म्हणजे तू मलाच जाळलंस की. तिने जीभ चावली. मग आम्ही दोघंही हसलो.

१३ फेब्रुवारी
घोट्यांवर गाळाची रेषा आली आहे. साबणाने जात नाही, दगडाने घासली तरी नाही. नदीचा चिखल चिवट.

१४ फेब्रुवारी
रेषा गुडघ्यावर. तिच्याखालची कातडी गार आणि सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. निपाणीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. तंबाखूची ॲलर्जी म्हणाले. बिचारा तंबाखू.

१५ फेब्रुवारी
कंबर. भर उन्हात अंगणात बसलो तरी धोतर ठिबकतंय. खोकला आला, तोंडातून गाळ पडला. पूर्णिमाने पाहिलं, फडकं आणून पुसून घेतला.

पुण्याला निघून जावं म्हणून एसटीत बसलो. पुलाजवळ पाणी छातीशी आलं. मला तसं नुसतं वाटलं असेल म्हणावं, तर कंडक्टर ओरडला, कुनी सांडलं रं हे! उतरलो. उतरल्यावर श्वास आला.

१६ फेब्रुवारी
वहिनीला रेषा दाखवली. छातीच्या वर आली आहे. माझंच चुकलं भावजी, माझंच चुकलं, एवढंच म्हणत राहिली.

शास्त्रात यावरही उपाय आहे. ज्याचा पुतळा जाळला तो जिवंत निघाला, तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, नवजात मानायचं, बारसं करायचं. कानात नाव सांगितलं की तो पुन्हा जित्यांत. भटजी यायला तयार नाहीत. नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्यात आत्या उरली नाही. वहिनी म्हणाली, मी सांगते.

गल्लीभर हिंडून तूप गोळा करते आहे. चांगली आहे ती. माझ्यासाठी —

१७ फेब्रुवारी
दुपार. लिहिणं कठीण, बोटं बुळबुळीत.

सकाळी रेषा हनुवटीला होती. वहिनीने कोमट तूप ओतलं आणि रेषा उतरली — गळा, छाती, कंबर. पूर्णिमा रडत हसली. आता फक्त नाव.

वहिनी कानाशी वाकली. थांबली. तिचं मंगळसूत्र माझ्या गालाला लागलं. मी वाट पाहत होतो — जोतिबा म्हण, वहिनी. म्हण ना.

तिने श्वास घेतला. म्हणाली, भावकू.

रेषा गेली. अंग स्वच्छ —

१८ फेब्रुवारी
श्लोक आठवून पाहिला. पहिला चरण येतो, पुढे — काहीच नाही, नुसतं पाणी.

म्हशी मला बघून हंबरल्या. वहिनी — मनू — म्हणाली, जेवाय चला. माझ्याकडे बघत नाही. सारखी बघते.

नाव लिहून ठेवतो. जोति —

जो —

१९
लई दिसांनी घरचं जेवलो. पोरगी केवढी झाली! मांडवाचं बघाय पायजे. मनू डोळं पुसती आन हसती.

ही वही कुनाची ठावं न्हाय. धाकट्यागत अक्षर हाय.

मनूला म्हनलं, पोरीचं लगीन तोंडावर आलंय, जोतिबाला पुन्यासनं बोलावून घे. ती भांडं तसंच टाकून भायेर गेली. मी मागं गेलो. म्हनलं, अगं काय झालं, त्यो येनार न्हाय व्हय? तर म्हनती कशी, आवो, त्यो पुरात गेला न्हवं.