हळदीचा वास

१२ फेब्रुवारी १९४६, मंगळवार

सुरतेहून रेडिएटर आला — रेल्वेच्या पार्सलात! लष्कराच्या मोडीतला, पण नळ्या शाबूत. चार महिने पडून असलेली नवलदादाची छोटी लॉरी आता चालेल.

माय सकाळपासून वहिनीला बोलतेय. "तिनी पाणीना डबा भरा नही, मन्हा नवल गया!" रोज डबा भरून लॉरीत ठेवायचं काम गजरावहिनीचं. चार महिन्यांपूर्वी त्या दिवशी प्रकाशा गावाजवळ इंजिन उकळलं. डबा रिकामा निघाला म्हणे. दादा पाण्यासाठी तापीत उतरला, तो डोहात बुडूनच गेला. वहिनी म्हणते, भरला होता. कोण ऐकतंय!

१३ फेब्रुवारी

सोमवारी वहिनीला ब्राह्मणपुरीला, माहेरी पोचवायचं. कायमचं. ह्याच लॉरीतून. आणि मीच!

१५ फेब्रुवारी

जुना रेडिएटर उतरवला. बोल्ट गंजलेले, अर्धा दिवस गेला. इंजिन थंडगार — आणि तरी गरम हळदीचा वास! लग्नात दादाच्या अंगाला येत होता तसाच.

रेडिएटरच्या गळतीला चिमूटभर हळद सगळेच टाकतात. त्या सकाळी मी दोन मुठी टाकल्या. भोकाला कथलाचा डाग द्यायचा आळस, दुसरं काय! वर दादाला म्हणालो, "जा बिनधास्त, उद्या बघू."

१६ फेब्रुवारी

नवा बसवला. भोकं जुळेनात, जरा खालीच राहत होती. जुन्या चपलेचं चामडं कापून खाली घातलं, तेव्हा बसला. इंजिन तासभर चालवलं, थेंब गळला नाही. पण वास आहेच. मागे हौद्यात डबा खणखणला. डबा तर मी काल घरात ठेवलाय. वळून बघायची छाती झाली नाही.

१७ फेब्रुवारी

जुना रेडिएटर कापला. नळ्या पिवळ्या लगद्यानं गच्च! पाणी फिरणार कुठून? दादानं डबा ओतला असणार, तरी इंजिन उकळलंच. वहिनी खरं बोलत होती. दादाला मी मारलं. मी!

१८ फेब्रुवारी

वहिनीचं बोचकं हौद्यात होतं. कापलेला रेडिएटर मायपुढे ठेवला, सगळं सांगितलं. मायनं पिवळ्या लगद्याला बोट लावून वास घेतला. मी वहिनीचे पाय धरले. ती म्हणाली, "माले ठाऊक व्हतं, भाऊ. तुले दोन मुठी हयद मीच दिन्ही व्हती ना. मायना एक पोऱ्या गया, दुसरा कसा हिसकू?"