कुपीचं झाकण

मंगळवार, अंधेरी

चार महिने वाट पाहिल्यावर मनीषाचं केमोकाइन आज लॅबमध्ये आलं. उंदरांना सूज आणणारं प्रोटीन. कणभर पावडर, तीही बहुतेक झाकणाला चिकटलेली असते. म्हणून उघडण्याआधी कुपी मशीनमध्ये फिरवायची, म्हणजे पावडर तळाशी बसते. ज्युनिअर्सना हे मीच शिकवते! आणि आज घाईत तशीच उघडली, पावडर विरघळवायला पाणी घातलं, झाकण कचऱ्यात.

"फिरवलीस ना गं?" मनीषाने विचारलं. "हो," म्हटलं. का म्हटलं? तेव्हाच झाकण उचलता आलं असतं. संध्याकाळी शोधायला गेले, तर डबा रिकामा.

पीएचडी तिची. उद्या ती उंदरांना टोचेल ते बहुधा नुसतं पाणीच. सूज येणार नाही. सर म्हणतील, तुझा तर्कच चुकला. ती मान खाली घालून ऐकेल.

उंदीर धरायला मीच असणार आहे.