मास्तरांची हजेरी

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचा आशीर्वाद, आणि कान पिळणं पोस्टाने.

फोन करू नकोस म्हणाले ते एवढ्यासाठी, की इथे सगळ्या मशिनी एकदम चालू असतात. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडते आणि ऐकते फक्त शेजारी काजं करत बसलेली काजवाली. तुझं सगळं तिला माहीत आहे, मला काहीच नाही. तेव्हा लिहीत जा.

तुझी कॉलेजची टोळी येऊन गेली. चौघं माझ्या शिवणखोलीत उभी राहिलात तेव्हा मला वाटलं झडती आली. ईआरपी म्हणजे काय ते तुझ्या त्या चष्मिष्टाने समजावलं. कापड, दोरा, माणसं, ऑर्डरी सगळं एकाच संगणकात घालायचं, मग कुठला माल कधी तयार होईल ते तोच सांगतो. आणि मोठ्या कंपन्यांचं हे सॉफ्टवेअर आमच्यासारख्या चार बायकांच्या खोलीत चालतं का, यावर तुमचं संशोधन. मी विचारलं, नाही चाललं तर काय. तर म्हणे तोही निष्कर्षच. म्हणजे काहीही झालं तरी तुम्ही पास. असला धंदा मला आधी कुणी सांगितला असता तर इतक्या सुया कशाला मोडल्या असत्या मी.

माहिती सगळी मी स्वतः भरली, एका बोटाने. माउस हलवला की बाण पडद्यावरून पळायचा आणि मी त्याला टेबलाखाली शोधायची. इस्त्रीवाली हसता हसता इस्त्री उचलायची विसरली. एका शर्टाच्या पाठीवर त्याची खूण आहे, तेवढी तुमच्या अहवालात घाला.

संगणक मोठा हट्टी. एक रकाना रिकामा सोडला तर लाल होऊन बसतो, पुढे जाऊ देत नाही. तुझे काका गेल्यापासून माझ्यावर असं लाल कुणी झालं नव्हतं. मग मीही एक गंमत केलीय. काय ते सांगणार नाही. संशोधक ना तुम्ही?

माया आहे तशीच राहू दे, संगणकात भरू नकोस.
तुझी,
एका बोटाची आत्या

ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (विनंती विशेष ही की हसू नकोस.)

कॉलेजात तुझं नाव झालंय. बाकीच्या गटांना त्यांच्या कारखान्यांनी माहितीच दिली नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, या बाईंकडून शिका. आमच्या गटाचं खरं विचारशील तर सगळं काम चष्मिष्ट करतो. झोपाळू चित्रं काढतो आणि झोपतो. लांबोडीने प्रस्तावना लिहिलीय, तिच्यात एकात्मिक हा शब्द इतक्या वेळा आलाय की आता तिलाच अर्थ आठवत नाही. माझ्याकडे प्रश्नावली. तुझ्या इस्त्रीवालीला मी विचारलं, या प्रणालीकडून तुमच्या अपेक्षा काय. ती म्हणाली, पंखा. मी ते सुविधा या सदरात घातलं आणि स्वतःला फार हुशार समजले.

आनंदाची बातमी म्हणजे नव्या हॉस्पिटलच्या नर्सांच्या कोटांची ऑर्डर संगणकाने तपासली. उद्घाटनाच्या आधी सगळा माल तयार होतो, तारखेपुढे हिरवी खूण आलीय. चष्मिष्ट तर मशीन नंबर एकच्या कारागिराच्या प्रेमात पडलाय. एक खाडा नाही, अर्धी सुट्टी नाही, उशीर नाही. मॅडमना त्याची मुलाखत घ्यायचीय. कोण गं हा? मला तुझ्याकडे फक्त बायकाच आठवतात.

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी,
भिंगरी

ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज कान सोडले, मी खुशीत आहे.

हिरवी खूण बघितली आणि हॉस्पिटलच्या सामानखात्याच्या बाईंना लगेच शब्द देऊन टाकला. नाहीतर कुठलीही ऑर्डर आली की मी रात्रभर कुशीवर कूस बदलत हिशेब घालते. या वेळी म्हटलं, घालू दे की संगणकाला, त्याला कुठे झोप असते.

मुलाखतीला मॅडमना खुशाल पाठव. पण तो कारागीर बोलेल असं काही वाटत नाही. आधीपासूनच अबोल, आणि हल्ली तर फारच.

झोपाळूला माझ्याकडून एक उशी.
तुझी, मोठ्या कारखान्याची मालकीण
आत्या

ता. १ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि या वेळी खरंच विशेष.

लायब्ररीत बसून कामगारांची यादी उघडली. मशीन नंबर एक, खिडकीजवळची. चालवणार, मास्तर. इतकी जोरात हसले की मला बाहेर काढलं. दारापर्यंत पोचले तोवर हसू गेलं होतं.

आत्या, काका जाऊन तीन वर्षं झाली आणि तू रोज त्यांची हजेरी लावतेस. चष्मिष्टाने संगणकाला असं शिकवलंय, की जो हजर त्याने ठरलेलं काम केलंच असं धरायचं. म्हणजे कोटांतला मोठा वाटा काकांच्या नावावर लागलाय. ती तारीख त्यांना धरून दिलेली आहे. हिरवी खूण खोटी आहे.

तुला काय बोलू. चौघांनी मिळून संशोधन केलं आणि त्या स्टुलावर माणूस बसलाय का, एवढं बघायचं राहिलं. मी तर घरची. कापडाखाली झाकलेली ती मशीन डोळ्यांनी बघून आले आणि प्रश्नावली भरत बसले.

हॉस्पिटलला वाढीव मुदत माग. किंवा त्या मशीनवर कुणाला तरी बसव. हे लिहिताना तुझा चेहरा दिसतोय, म्हणून पत्र इथेच संपवते.
तुझीच,
भिंगरी

ता. ५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या वेळी माझे कान तू धर.

झालं असं. रकाना लाल होता, मशीन क्रमांक एक, चालवणार कोण. रिकामा सोडला, घेईना. कोणी नाही असं लिहिलं, तेही घेईना. मग लिहिलं मास्तर, आणि तो हिरवा झाला. इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी हजेरीही लावली. जिवंतपणी हा माणूस कधी वेळेवर आला नाही. पान खाऊन, चार जणांना भेटून, मग कात्री हातात. आता बघ, सगळ्यांच्या आधी हजर. बायका हसायच्या, मीही हसायची. रोज सकाळी एवढं एक काम मी अगदी आवडीने करत होते बघ.

हॉस्पिटलच्या बाईंना फोन केला. त्या भल्या आहेत, पण उद्घाटन काही त्यांच्या हातात नाही. माल वेळेत येणार नसेल तर आत्ताच सांगा म्हणाल्या, पलीकडच्या मोठ्या कारखान्याला देतील. हे काम गेलं तर पुढचे महिने खोलीत कापडच नाही. काजवालीला आणि इस्त्रीवालीला घरी बसा म्हणायची वेळ येईल, आणि ते म्हणायला माझी जीभ काही वळणार नाही. होईल माल, असं सांगून बसलेय. कसा होईल ते मास्तरांनाच ठाऊक.

काजवालीने विचारलं, खिडकीजवळच्या मशीनवर मी बसू का. मी सांगितलं, बिघडलीय. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. रोज सकाळी मी त्या मशीनला तेल घालते, ते तिच्या डोळ्यांसमोरच.

जास्त काय लिहू. हसायला कुणीतरी हवं म्हणून लिहिलं.
तुझी,
आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मॅडमना सगळं खरं सांगितलं. चष्मिष्ट पांढरा पडला होता, पण माझ्या शेजारी उभा राहिला. मॅडमनी ती यादी स्वतः उघडून बघितली. मग म्हणाल्या, गुण कमी होतील, पण हेच प्रकरण लिहा, बाकीचं कुणीही लिहितं. लांबोडीने लगेच मथळाही दिला, अनुपस्थित मनुष्यबळाचे उपस्थिती-व्यवस्थापन. तिला बरं वाटावं म्हणून आम्ही तो तसाच ठेवलाय.

शनिवारी आम्ही चौघं येतोय, रविवारीही थांबू. शिवणं कुणालाच येत नाही. बटणं लावू, धागे कापू, घड्या घालू. मशीनबद्दल मी पुन्हा काही म्हणणार नाही.

चहा जास्त टाक.
तुझी,
भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, चौघांनाही, झोपलेल्याला धरून.

कोट गेले, आणि वेळेत गेले. सामानखात्याच्या बाई म्हणाल्या, काम सुरेख आहे, फक्त एका कोटाचं बटण इतकं घट्ट बसलंय की ते काढायला ऑपरेशन करावं लागेल. ते तुझ्या चष्मिष्टाचं, हे तुला माहीत आहे. त्याच कोटात त्याने स्वतःच्या बाहीचं टोक शिवून घेतलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. झोपाळू घड्यांच्या ढिगावर झोपला होता, पण घड्या मात्र छान दाबल्या गेल्या.

तू त्या दिवशी आलीस, मशीन चालू बघितलीस आणि काही बोलली नाहीस. शहाणी आहेस. तुम्ही यायच्या आधी सकाळीच मी कापड काढलं होतं. कुणाला बसवलं नाही, मीच बसले. त्यांचं स्टूल उंच, माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. शाळेतल्या पोरीसारखी लोंबकळत होते. मग स्टूल खाली केलं. त्याला जरा वेळ लागला. स्क्रू गंजलाय असं मी सगळ्यांना सांगितलं. काजवालीने परत तसंच बघितलं, पण या वेळी तेलाची कुपी आणून दिली.

काल संगणक उघडला, म्हटलं मास्तरांना आता मोकळं करावं. तर तो कारण विचारतो. समोर यादी टाकली, राजीनामा, निवृत्ती, कामावरून काढलं, बदली. राजीनामा त्यांनी दिला नाही. निवृत्त व्हायचा स्वभाव नव्हता. काढायची माझी छाती नव्हती, तेव्हाही आणि आताही. शेवटी एका बोटाने बदली केली. कुठे झाली ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग मशीन एकचा रकाना पुन्हा लाल झाला. तिथे माझं नाव घातलं. आजची हजेरी लावून मग हे पत्र लिहायला बसलेय.

लोभ आहेच. त्याला हजेरी लागत नाही.
तुझी,
मशीन नंबर एकवाली आत्या