कंसातलं वाक्य

४ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय बाळ्या,

आधी खुशाली विचारायची असते, म्हणून विचारते. बायकोचा खोकला गेला का? तू वेळेवर जेवतोस का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. गीझर बिघडलाय आणि तुझे भाऊजी तो स्वतः दुरुस्त करणार म्हणतात, म्हणजे तो आता कायमचा गेला असं समज.

फोन तू उचलत नाहीस. आधी मी समजून घेतलं, मग रडले, आता राग येतोय. म्हणून पत्र. लिहिताना एका जागी बसवत नाही. टेबलाशी बसले की पाय हलत राहतो, ओट्यापाशी उभी राहिले की हात भांड्यांकडे जातो. सकाळपासून तेच स्वच्छ कप पुन्हा पुन्हा विसळतेय.

त्या दिवशी आमच्या संसदीय समितीपुढे तुमच्या बँक-तपासणी खात्याची मंडळी दुपारी आली. सकाळचं सत्र तुला माहीत नसेल, ते विम्यावरच्या कराचं होतं. एका सदस्यांनी विचारलं, "माणूस आजारी पडायच्या भीतीने हप्ता भरतो, त्याच्या भीतीवर कसला कर घेता?" कर खात्याचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "कर भीतीवर नाही, सेवेवर आहे." मी खाली मान घालून टिपणं काढत होते, पण डोक्यात मावशी होती. तिचा विम्याचा हप्ता दरवर्षी तिच्या बँकेतून आपोआप जायचा. तुम्ही त्या बँकेला टाळं लावलंत, हप्ता गेला नाही, पॉलिसी बंद पडली. आता विमा कंपनी म्हणते नवी घ्या, नव्याने कर भरा, आणि जुना आजार काही वर्षं धरणार नाही. तिचा जुना आजार म्हणजे तिच्या हृदयाची झडप. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला थांबू नका. सकाळचा विषय आणि दुपारचा विषय समितीला वेगळे वाटत असतील, आपल्या मावशीत दोन्ही एकत्र राहायला आलेत.

आता दुपारचं. तुला आमच्या कामाची रीत ठाऊक आहे. सदस्य विचारतात ते प्रश्न बहुतेक आम्ही समितीचे कर्मचारीच लिहून देतो. प्रत्येक प्रश्नाखाली कंसात एक सूचना असते, उत्तर गोलमाल आलं तर पुढे काय विचारायचं. कंस फक्त डोळ्यांनी वाचायचा, हे सगळ्यांना कळतं. एका रेडिओंना सोडून. हे आमचे जुने खासदार, समोर येईल ते खणखणीत वाचतात, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. मागे एकदा त्यांनी "येथे थांबून उत्तर येऊ द्यावे" हेही मोठ्याने वाचलं आणि न थांबता पुढे गेले! तेव्हापासून त्यांच्या प्रतीतले कंस मी काढून टाकते. त्या दिवशी एक राहिला. कामाची घाई होती, दोन विषय, ढीगभर कागद. चूक कुणाच्याही हातून होते.

तुमचे प्रमुख पुढे बसले होते, तू मागच्या रांगेत फाइली सांभाळत. रेडिओंनी चष्मा लावला आणि एका दमात वाचलं, "बँकेवर निर्बंध घालण्यापूर्वी आपल्या खात्यात तशी शिफारस झाली होती काय, प्रमुखांनी नाही म्हटल्यास मागच्या रांगेतील तपासणी अधिकाऱ्यांना विचारावे, त्यांना माहीत आहे."

तुमच्या प्रमुखांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. सदस्य हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मागे तपासणीचं कोण आहे? उभे राहा." तू उभा राहिलास आणि अध्यक्षबाईंकडे न बघता माझ्याकडे बघितलंस. तशी नजर तुझी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग म्हणालास, "आत्ता नेमकं आठवत नाही. कागद पाहून लेखी कळवतो." आणि कान धरलास.

लहानपणी दुधावरची साय कुणी खाल्ली हे मावशीला विचारावं लागायचं नाही. ती फक्त तुझा कान बघायची.

चहाच्या वेळी रेडिओ येऊन म्हणाले, "बाई, आजचा प्रश्न छान होता. लांब होता, पण छान होता." मला हसू आलं, पण चहा तसाच ठेवून मी निघाले.

बाळ्या, चूक नव्हती ती.

त्यांच्या प्रतीतले बाकीचे सगळे कंस मी काढले. त्या एकापाशी आले आणि हात मागे घेतला. हे कसं वाचलं जाणार, पुढे काय होणार, सगळं मला दिसत होतं. तू गच्चीवर कपडे वाळत घालताना मला सांगितलं होतंस की नव्या ठेवी थांबवा असा अहवाल तू वेळेत दिला होतास आणि प्रमुखांनी तो दाबून ठेवला. भाऊ म्हणून सांगितलंस, बहीण म्हणून ऐकलं, आणि मी ते कामाच्या कागदावर उतरवलं. याची मला लाज वाटते. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही खरं. शिव्या दे, पण फोन उचलून दे.

तू मावशीला आधी सावध केलं नाहीस, याबद्दल माझी तक्रार नाही. एकट्या मावशीला सांगायचं आणि बाकीच्यांना बुडू द्यायचं, हे बरोबर नव्हतंच. पण आता कुणाला वाचवतोयस? अध्यक्षबाई सत्र संपल्यावर सरळ म्हणाल्या, "खात्याला आधी माहीत होतं असं सिद्ध झालं, तर या खातेदारांच्या पॉलिसी पूर्ववत करा, पुन्हा कर घेऊ नका, अशी शिफारस मी स्वतः लिहीन." तुमचे प्रमुख तर सांगून मोकळे झालेत, "आम्हालाही अचानकच कळलं." या दोन वाक्यांच्या मध्ये तुझं लेखी उत्तर आहे, बाकी काही नाही. बदली होईल, बढती अडेल, हे मला कळतं. तुझ्या घराचे हप्तेही मला माहीत आहेत. म्हणून तर चार दिवस तळ्यात मळ्यात करत हे पत्र लिहितेय.

सोमवारी मी आमच्या सचिवांकडे गेले आणि सांगून टाकलं, की तो अधिकारी माझा सख्खा भाऊ आहे आणि कंस मी मुद्दाम ठेवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, निदान चूक झाली म्हणाला असतात, तर पांघरूण घातलं असतं." मी म्हटलं, "साहेब, सगळीकडे पांघरुणंच चाललीत." चौकशी संपेपर्यंत मला ग्रंथालयात बसवलंय. तिथे जुन्या समित्यांचे अहवाल लावते. खूप शिफारशी आहेत रे, एकेक चांगली.

म्हणजे तुझं उत्तर माझ्या टेबलावर येणार नाही. तू काय लिहिलंस ते मला कळणारही नाही. माझ्या धाकाने किंवा माझ्यासाठी म्हणून काही लिहू नकोस, एवढ्यासाठीच हे सांगतेय.

एक गोष्ट राहिली. मघापासून ती टाळायलाच ओट्यापाशी जातेय.

काल मावशीकडे गेले होते. जिना चढताना तिला मध्ये टेकावं लागतं आता. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्याला आधीच माहीत होतं ना गं?" मी विचारलं, "तुला कोण म्हणालं?" म्हणाली, "कोण कशाला म्हणायला हवं? मागे एकदा आला होता, म्हणाला, मावशी, सगळे पैसे एकाच बँकेत का ठेवतेस? आणि लगेच गप्प झाला. कान धरून बसला." तिने त्याच वेळी ओळखलं होतं, बाळ्या. तरी पैसे हलवले नाहीत. का, विचारलं तर म्हणाली, "तो बोलला नाही म्हणजे त्याला बोलायची मुभा नसणार. मी पैसे हलवले असते तर उद्या लोक म्हणाले असते, याने घरात सांगितलं. पोराच्या नोकरीवर आलं असतं."

मी उठले. तिच्या खोलीतल्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि निघाले. दारात आल्यावर तिने हाक मारली. म्हणाली, "त्याला म्हणावं, मी काही विचारणार नाही. पण यायचं बंद करू नको."

बँक बंद झाल्यापासून तू तिच्याकडे गेलेला नाहीस.

समितीला काय कळवायचं ते लेखी कळव, मुदत शुक्रवारपर्यंत आहे. मावशीला लेखी चालणार नाही. तिच्यासमोर जाऊन बस, आणि तिथे तरी कानाला हात लावू नकोस.

तू रागावलेला असशील तरीही तुझीच,
ताई